हाल्वर स्कार कसा हुकला

लायल प्रिबिल शाळेत भूगोल शिकवायचा. डोंगर, दरी, खिंड, समोच्च रेषा हे सगळं तो डोळे मिटून फळ्यावर काढायचा, आणि मुलंही ते डोळे मिटूनच बघायची. एवढं असून सासऱ्याच्या रानात नऊ वर्षं मचाणावर बसून त्याला एकही हरिण मिळालं नव्हतं.

नव्हतं मिळालं, इथवर ठीक होतं. पण स्कार मंडळींच्या खोपीत ते लपवायची सोय नव्हती. रानाच्या कडेला ही लाकडी खोप. आत शेगडी, चार फळ्यांचे बिछाने, आणि शेगडीमागच्या भिंतीवर सदऱ्यांचे तुकडे. ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचा मागचा घोळ त्याच संध्याकाळी कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो भिंतीला ठोकायचा. कापायचा कुणी, तर ज्याला त्या दिवशी हरिण मिळालं त्याने. लायलचे तिथे आठ तुकडे होते. नवव्या वर्षी त्याला हुकवायलासुद्धा काही दिसलं नव्हतं. बायको सॉल्वेग दर नाताळात त्याला नवा सदरा घ्यायची आणि म्हणायची, "मागून जरा लांबच बघून घेतलाय."

मेहुण्याचे, म्हणजे नेल्सचे, पाच तुकडे होते. सासरा हाल्वर स्कार, वय एकोणऐंशी, सत्तावन्न हंगाम. त्याचा एकही नव्हता.

हाल्वरने हे कधी मिरवलं नाही. अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या त्या दरीत सगळे नॉर्वेकडून आलेले, आणि त्यांच्यात मिरवणं हा गुन्हा चोरीच्या जरासाच खाली धरतात. पण यंदाच्या वसंतात त्याने ट्रॅक्टर नेऊन शेजाऱ्याच्या टपालपेटीवर घातला, आणि नेल्सने विषय काढला, की बाबा, एकट्याने शेतावर राहणं आता पुरे, गावातल्या वृद्धाश्रमात खोली बघू या.

"टपालपेटी हलत नाही, म्हणून लक्ष गेलं नाही," हाल्वर म्हणाला. "ज्या दिवशी उभं हरिण हुकेन त्या दिवशी येतो. स्वतः पिशवी भरून येतो."

हे तो चर्चच्या मागच्या खोलीत, कॉफी पिताना, अकरा माणसांसमोर बोलला होता. म्हणजे स्टॅम्पपेपरच झाला.

तर या नोव्हेंबरात हाल्वरच्या गुडघ्याने चढ नाकारला आणि त्याने आपली खिंड लायलला दिली. तिथलं मचाण त्याने स्वतः बांधलेलं. त्यावर दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी त्याने ताटातल्या बटाट्याच्या लगद्याची लांब धार केली आणि मधे चमच्याने खळगा पाडला.

"ही धार. ही खिंड. हरिण आळशी असतं, आपल्या नेल्ससारखं. पलीकडे जायचं तर ते सगळ्यात खोलगट जागा बघणार. हे दोन ओघळ, दोन्ही उभे खडक, त्यात ते उतरत नाही. म्हणजे ओघळांच्या डोक्यावरून वळसा मारून इथेच येणार. खाली हा सपाट टप्पा, इथे मी. आणि सकाळी गार हवा खाली सरकते." त्याने खिंडीत रस्सा ओतला. रस्सा शहाण्यासारखा पलीकडच्या ओघळात उतरला. "तुझा वास असा जाईल. हरिण येईल असं. तुला फक्त बसायचंय."

"आणि मारायचंय," नेल्स म्हणाला.

"ते पुढचं बघू," हाल्वर म्हणाला, आणि त्याने धार खाल्ली.

शनिवारी सकाळी लायल मचाणावर बसला तेव्हा त्याला पहिल्यांदा आपला विषय खरा वाटला. पायाखाली खिंड, डावीकडे ओघळ, उजवीकडे ओघळ. फळ्यावर काढायचा तसंच, फक्त पाय गारठलेले. सात वाजून वीस मिनिटांनी खालच्या टप्प्यावरून हाल्वरच्या बंदुकीचा एक आवाज आला. एकच. हाल्वर दुसरी गोळी बाळगायचा, पण ती त्याची एकोणीसशे एक्क्याण्णवपासून तीच होती.

चार मिनिटांनी खिंडीत नर आला. दहा टोकांची शिंगं. मान खाली, चाल सावकाश, जणू कुठे पोचायची घाई नाही. लायलने नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. हरिण मटकन खाली बसलं आणि मग आडवं झालं.

पुढची दोन मिनिटं लायल मचाणावरच रडला. ती दोन मिनिटं त्याच्या आयुष्यातली फार चांगली होती. नंतर त्याला ती वारंवार आठवली, कारण त्यानंतर बरेच दिवस चांगलं असं मिनिट आलं नाही.

खाली उतरून त्याने हरिण उलटं केलं. त्याची गोळी मानेच्या मुळाशी लागली होती. आणि डाव्या कुशीत, बरगड्यांमध्ये, आणखी एक भोक होतं.

लायल त्या भोकाकडे बघत राहिला. मग त्याने दुसऱ्या कुशीवरून हात फिरवला. कातडीखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. गोळी आरपार न जाता तिथेच अडकली होती. रक्त सगळं आत साठलेलं, बाहेर टिपूस नाही. हे हरिण मरतच चाललं होतं. लायलने नुसती शीळ घातली असती तरी ते पडलं असतं.

खोपीचा नियम साधा होता. जीव घेणारी पहिली गोळी ज्याची, हरिण त्याचं.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. "लायल? तू वाजवलंस?"

"हो, हाल्वर. पडलंय. दहा टोकांचं."

"वा." मग थोडी खरखर. "मी एकावर टाकली होती. सत्तर पावलांवर, उभं होतं. रक्त काही दिसत नाही. आणि ते चढाला गेलं. मार लागलेलं हरिण चढत नाही, उतरतं. त्याच्या अंगावर दुसरी गोळी आहे का बघ."

लायलला नऊ वर्षं दिसली. आठ तुकडे दिसले. शिक्षकांच्या खोलीत दर सोमवारी "काय मास्तर, यंदा?" म्हणणारा रसायनशास्त्राचा माणूस दिसला.

"नाही," तो म्हणाला.

आणि बरोबर एका सेकंदाने त्याला चर्चच्या मागची खोली आठवली.

एक सेकंद म्हणजे काही फार नाही. "थांबा, नीट बघतो," एवढं म्हणायला तो पुरला असता. पण पलीकडून हाल्वर म्हणाला, "बरं. शाब्बास, पोरा," आणि वॉकीटॉकी बंद झाली. नऊ वर्षांत सासऱ्याने त्याला पोरा म्हटलं नव्हतं. लायल तो शब्द घेऊन तसाच उभा राहिला. उष्ट्या हातात कुणी प्रसाद ठेवावा तसा.

मग त्याने जे केलं ते फार हुशारीने केलं, आणि हेच त्याला पुढे सगळ्यात लाजिरवाणं वाटलं. खरं बोलायला सुचलं नाही, पण हे सगळं सुचलं. हरिण जागेवरच साफ करायचं असतं; काळीज ठेवून आतलं सगळं त्याने तिथेच काढून टाकलं, आणि ते करताना डाव्या कुशीतलं भोक चाकूने लांब फाडलं, हात घसरल्यासारखं. उजवीकडची गाठ मूठभर मांसासकट कापून काढली. ती ओघळात भिरकावणार, तोच नेल्स घसरगाडी ओढत वर आला. लायलने मूठ कोटाच्या खिशात घातली.

"अरे बापरे!" नेल्स म्हणाला. "मास्तर, हे खरंच तू? की हार्ट अटॅकने गेलं?"

"मीच."

"आणि ही कुशीची काय दशा केलीस? चाकू आहे की नांगर?"

"घसरला."

"बरोबर आहे. सवय कुठे आहे तुला."

हरिण खोपीपुढच्या झाडाला टांगलं. कोट लायलने खिळ्याला अडकवला आणि हात धुवायला गेला. हाल्वरचा कुत्रा बिशप चौदा वर्षांचा होता आणि सहसा कुणाच्या भानगडीत पडत नसे. लायल परत आला तेव्हा बिशप जीभ फिरवत होता आणि कोटाला उजवीकडचा खिसा नव्हता. बिशपने मांस खाल्लं, गोळी खाल्ली, आणि वेगळं काढत बसण्यापेक्षा खिसाही खाल्ला.

लायलला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. हेही त्याला नंतर आठवलं.

चार वाजता हाल्वर शेगडीपाशी पाठमोरा उभा राहिला आणि त्याने सदरा पँटीतून बाहेर काढला.

"बाबा, राहू द्या ना," नेल्ससुद्धा म्हणाला.

"नियम आहे. लायल, कात्री घे."

हाल्वरचा सदरा लाल-काळ्या चौकड्यांचा, लोकरीचा, घोंगडीएवढा जाड. कात्री त्यात शिरेना. लायलने दोन्ही हातांनी दाबली, कात्री वाकली. मग नेल्सने मांसाची सुरी दिली. ती सदऱ्यावरून नुसती सरकली. शेवटी हाडं कापायची करवत आणावी लागली. सासऱ्याच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसून लायल करवत चालवत होता, खर्र, खर्र, आणि हाल्वर म्हणत होता, "सावकाश काप. घाई नाही." जमिनीने पोटात घ्यावं असं अशा वेळी वाटतं, पण तिथली जमीन नोव्हेंबरात गोठलेली असते. ती कुणाला घेत नाही.

तुकडा भिंतीवर लागला. हाल्वरने बंदूक पुसली आणि नेल्सच्या हातात दिली.

"सत्तर पावलांवरचं उभं हरिण," तो म्हणाला. "म्हणजे डोळे गेले. उद्या टपालपेटीशी टपालवाली उभी असेल. फोन कर त्यांना."

नेल्सने फोन केला. वृद्धाश्रमात एक खोली नुकतीच रिकामी झाली होती; कशी, ते कुणी विचारलं नाही. सोमवारी तीन वाजता सह्या करायच्या होत्या.

रात्री लायलने नवी बायको पळवून आणल्यासारखं दहा वेळा उठून खिडकीतून त्या हरणाकडे बघितलं. रविवारी सकाळी हाल्वरने त्याच हरणाचं काळीज कांद्यावर, लोण्यात परतलं आणि मोठा वाटा त्याच्या ताटात वाढला. लायलने ताट पुढे सरकवलं.

"हे हरिण माझं नाही," तो म्हणाला.

"मग काय भाड्याने आणलंस?" नेल्स म्हणाला.

लायलने सगळं सांगितलं. भोक, गाठ, वॉकीटॉकी, चाकू, खिसा. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, आता हाल्वर उठेल आणि आपल्या तोंडात मारेल, आणि त्याने ते तोंड जरा पुढेही केलं.

हाल्वरने काटा खाली ठेवला. "लायल," तो म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस."

"नाही! अहो, मी नाहीये!"

"पहिलं हरिण, नऊ वर्षांनी, आणि ते म्हाताऱ्याला देऊन टाकतोयस."

"देत नाहीये! तुमचंच आहे! मी चोर आहे!"

नेल्सचे डोळे भरून आले. "मास्तर, तुझ्याबद्दल माझं मत फार वाईट होतं. सॉल्वेगला मी लग्नाआधी सांगितलंही होतं. आज शब्द परत घेतो."

लायलने स्वतःला खोटारडा म्हटलं, भित्रा म्हटलं, निर्लज्ज म्हटलं. प्रत्येक शिवीसरशी तो त्या दोघांच्या नजरेत वीतभर वर चढत गेला. पुरावा म्हणून त्याने त्यांना हरणाकडे नेलं. कुशीत चाकूची मोठी फट होती, भोक नव्हतं. फुप्फुसं बघायला खिंडीत जावं तर कोल्ह्यांनी रात्रीत जागा झाडून ठेवली होती. त्याने कोट दाखवला.

"खिसा नाही हे खरं," नेल्स म्हणाला. "आणि गोळी बिशपच्या पोटात."

"हो!"

"छान रचलंयस. कुत्र्यापर्यंत विचार केलास."

हाल्वर मात्र आता हसत नव्हता. "पुरे," तो म्हणाला. "दयेची गोळी मला नको. हुकलो तर हुकलो. मार लागलेलं हरिण उतारालाच जातं, ते चढाला गेलं. सत्तावन्न वर्षं बघतोय मी."

"पण हे नाही गेलं ना उताराला!"

"लायल. माझा अपमान करू नकोस."

तेव्हा लायलला कळलं, की आता जगात त्याच्या बाजूने बोलणारा एकच जण उरलाय, आणि तो शेगडीखाली घोरतोय.

गुरांच्या डॉक्टरला त्याने फोन केला. डॉक्टर म्हणाला, दोन दिवसांत येईल बाहेर. नाही आली तर कुत्र्याला घेऊन या. भोपळा घाला. बिशपने भोपळा खाल्ला. रविवारभर तो जिथे गेला तिथे लायल गेला, हातात काठी आणि आइस्क्रीमच्या डब्यातला चमचा घेऊन. हंगामात रानातल्या माणसाने भडक नारिंगी घालावं असा कायदा आहे, म्हणजे तो हरिण वाटू नये. लायल हरिण वाटत नव्हता. तीन शेतांवरून स्पष्ट दिसत होतं की प्रिबिल मास्तर वाकून कुत्र्याच्या मागचं उकरतोय. रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीने वेग कमी केला, काच खाली केली, बघितलं, आणि काच वर केली.

रविवारी खिसा आला. दोन बटणं, थोडी चेन. गोळी नाही.

लायल तो खिसा घेऊन नेल्सकडे गेला.

"हे बघ!"

नेल्स दोन पावलं मागे सरकला. "कुत्र्याने कोट खाल्ला हे मी मानतो, मास्तर," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तू जरा पड. झोप झाली नाहीये तुझी."

सोमवारी लायलने शाळेत आजारी असल्याचं कळवलं. ते खोटं बोलतानाही त्याला लाज वाटली. आता त्याला त्या खात्यात सगळ्याचीच लाज वाटायला लागली होती. दुपारी दोन वाजता हाल्वरच्या शेतावरच्या घरापुढे, अंगणात, नेल्सची गाडी सुरू होती. स्वयंपाकघरात हाल्वर टोपी घालून बसला होता, पायाशी भरलेली पिशवी. पिशवी लहान होती. एकोणऐंशी वर्षं एका घरात काढलेल्या माणसाची पिशवी इतकी लहान असू नये, असं लायलला खिडकीतून बघताना वाटलं आणि तो बिशपसमोर गुडघ्यांवर बसला.

"बिशप," तो म्हणाला, "तू शिकला-सवरलेला नाहीस. तरी माझ्यापेक्षा बरा आहेस. कृपा कर."

बिशपने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. मग तो सावकाश उठला, सफरचंदाच्या झाडाखाली गेला, एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि खूप विचार करून खाली बसला.

लायल आत आला तेव्हा अडीच वाजले होते. त्याने ती गोळी भांड्यांच्या साबणाने धुतली होती, मग अंगाच्या साबणाने, मग नुसतीच, बराच वेळ. त्याने ती टेबलावर ठेवली. बोथट नाकाची, जुनी, तांब्याच्या वेष्टणाची, एका बाजूने चेपलेली. लायलच्या बंदुकीची गोळी टोकदार असते. नेल्सचीही. तसल्या बोथट गोळ्या त्या दरीत आता एकच माणूस वापरायचा, आणि तो टोपी घालून समोर बसला होता.

हाल्वरने चष्मा लावला. गोळी बोटांत फिरवली. नेल्सने बघितलं, बाहेर गेला आणि गाडी बंद केली.

"मी वॉकीटॉकीवर विचारलं होतं," हाल्वर म्हणाला.

"हो."

"तू नाही म्हणालास."

"हो."

"मी चर्चमध्ये काय बोललो होतो ते तुला माहीत होतं."

एका सेकंदाने आठवलं, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. "हो," लायल म्हणाला. तिसरा हो फार जड होता.

"सदरा कापलास तेव्हाही."

"हो."

हाल्वरने मान हलवली. ओरडला नाही. ओरडला असता तर लायलने त्याचे पाय धरले असते. त्याने फक्त टोपी काढली, खुंटीला लावली आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"खोली नको," तो वृद्धाश्रमातल्या बाईंना म्हणाला. "मी हुकलो नव्हतो. माझा जावई खोटं बोलला. हो, थंडी आहे. तुमच्याकडे पण? बरं."

मग त्याने पाद्र्यांना लावला. "मी हुकलो नव्हतो. माझा जावई खोटं बोलला." मग टपालपेटीवाल्या शेजाऱ्याला. अकरा माणसांसमोर बोललेला शब्द होता, म्हणजे अकरा माणसांना कळवायला हवं. तो कॉफीच्या टेबलाभोवती बसलेल्या क्रमाने निघाला होता. प्रत्येक वेळी तीच दोन वाक्यं, त्याच आवाजात, ना एक शब्द जास्त ना कमी, आणि मग थंडीचं. आवाजात राग नव्हता. दुधाचा भाव सांगावा तसं. पाचव्या फोनला लायलच्या लक्षात आलं की आपण ओठांतल्या ओठांत बरोबरीने म्हणतोय. आठव्या फोनवर एक म्हातारी होती, तिच्याशी हाल्वर नॉर्वेच्या भाषेत बोलला. त्यातलं लायलला फक्त आपलं नाव कळलं, आणि पलीकडून तिने घेतलेला लांब श्वास.

नेल्स दारात उभा होता. एकदाही मास्तर म्हणाला नाही.

अकरा झाले. लायल उठला. त्याला वाटलं संपलं. हाल्वरने बोट वर केलं, बस म्हणून, आणि बारावा नंबर फिरवला. तो त्याला पाठ होता.

"सॉल्वेग? बाबा बोलतोय. मी हुकलो नव्हतो. तुझा नवरा खोटं बोलला." तो पुढचं ऐकत राहिला, बराच वेळ. "नाही, गोळी सापडली. कुठे म्हणजे..."

त्याने लायलकडे बघितलं आणि रिसीव्हर पुढे केला. इतक्या फोनांनी तो गरम झाला होता.

"घे," तो म्हणाला. "कुत्र्याचं तू सांग."